दोघांचा कॅमेरा, दोघांचं नाव: नवरा-बायकोने मुंबईत फोटोग्राफीचा धंदा कसा लावायचा

आम्ही दोघं भांडुपला राहतो. लग्नं, मुंज, बारशी, डोहाळजेवणं आणि पावसाळ्यात प्रॉडक्ट शूट असं सगळं करतो, नववं वर्ष चालू आहे. मध्यंतरी नवीन कॅमेरा बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायची म्हणून लोनसाठी एका बँकेत गेलो होतो, तिथल्या माणसाने नवऱ्याची तीन वर्षांची रिटर्न्स चाळली आणि मला विचारलं, मॅडम तुम्ही गृहिणी का? आदल्याच दिवशी मी पहाटे साडेचारला उठून कल्याणला नवरीच्या खोलीत चार तास शूट करून आले होते. पण समोरचे कागद बघितले तर त्या माणसाचं काही चुकत नव्हतं, बिलं नवऱ्याच्या नावाने, खातं नवऱ्याच्या नावाने, इन्स्टावर नाव नवऱ्याचं. माझी आठ वर्षं कुठेच लिहिलेली नव्हती. घरी येऊन रडले, आणि मग त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी बसून धंदा पहिल्यापासून परत लावला. कसा लावला ते सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारखी जोडपी मुंबई-ठाण्यात भरपूर आहेत आणि बहुतेक ठिकाणी बायकोच्या कामाला अजून "मदत"च म्हणतात.

होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलंच असेल, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. फोटोग्राफी त्यांना माणेकशॉ व्यारावाला यांनी शिकवली, पुढे दोघांचं लग्न झालं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण सुरुवात त्यांचीसुद्धा अशीच झाली होती हे मला त्या बँकेच्या प्रसंगानंतर फार आठवत राहिलं.

पहिलं काम: "मदत" हा शब्द काढून टाका

एक दुरेघी वही घ्या आणि एका ऑर्डरमध्ये फोन येण्यापासून अल्बम हातात देईपर्यंत जेवढी कामं होतात ती सगळी लिहा. आमची ३४ निघाली. फोन घेणं, तारीख बघणं, कोटेशन, ॲडव्हान्सची आठवण करणं, बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी करणं, बॅग भरणं, गुरुजींना फोन, शूट, कॉपी, सिलेक्शन, कलर, अल्बम डिझाइन, प्रिंटवाल्याकडे चक्कर, बाकी वसूल करणं, सगळं. आता प्रत्येक कामासमोर एकच नाव टाका. "दोघं" असं लिहायचं नाही. "दोघं" लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं, आमच्या एका मुंजीला चार बॅटऱ्या चार्ज न करता आम्ही पोचलो होतो कारण त्याला वाटलं मी लावल्या आणि मला वाटलं त्याने लावल्या.

वाटणी करताना कोण काय चांगलं करतं ते बघा. आमच्याकडे लाइट आणि व्हिडिओ त्याचं, कँडिड (पोज न देता सहज टिपलेले फोटो) आणि कलर (फोटोंचे रंग नीट करणं) माझं, अल्बम डिझाइन त्याचं, पैशाचं बोलणं माझं. पैशाचं बोलणं माझ्याकडे कारण त्याला नाही म्हणता येत नाही, समोरून "अहो घरचंच लग्न आहे" म्हटलं की तो पाच हजार कमी करून मोकळा. ज्याच्याकडे जे काम आहे त्याचा शब्द त्या कामात शेवटचा. मी एक रेट सांगितला की तो बदलत नाही, त्याने स्टेजवर लाइट कुठे लावला त्यात मी बोलत नाही.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच बायकोचं नाव येतं किंवा राहून जातं.

नवरा प्रोप्रायटर म्हणजे एकटा मालक आणि बायको घरची, असं चालवता येतं, सोपंही पडतं. मग बायकोला पगार दाखवू असं बरेच जण ठरवतात, पण त्यात एक गोष्ट माहीत पाहिजे. ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा हिस्सा आहे तिथून बायकोला पगार दिला, तर इन्कम टॅक्सवाले तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरू शकतात, याला क्लबिंग म्हणतात. सूट तेव्हा मिळते जेव्हा बायकोकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण आहे आणि पगार तिच्या त्याच ज्ञानामुळे, अनुभवामुळे मिळतोय. नवऱ्याच्या बाबतीतही उलट्या बाजूने तेच. म्हणून कोर्सचं सर्टिफिकेट, क्रेडिट असलेले फोटो, तुमच्या नावाची कोटेशनं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. मी माझं फोटोग्राफीच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट माहेरच्या कपाटातून शोधून आणलं.

आम्ही पार्टनरशिप फर्म केली, ५०-५० टक्के. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, कोणाचं भांडवल किती (कॅमेरे, लेन्सा, कॉम्प्युटरची यादी किंमतीसकट), नफा कसा वाटायचा, काम करणाऱ्या पार्टनरला महिन्याला किती घेता येईल, बँकेत सही कोणाची, आणि एक जण आजारी पडला किंवा फर्म मोडायची वेळ आली तर सामानाचं काय, हे सगळं लिहून घ्या. शेवटचं लिहिताना वाईट वाटतं, तरी लिहा. फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते, कायद्याने सक्तीची नाहीये, पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून गिऱ्हाइकाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, तेव्हा करूनच टाका. क्लबिंगचा प्रश्न फर्ममध्येही येऊ शकतो, तो सीएकडून नीट समजून घ्या, यूट्यूब बघून ठरवू नका.

बाकीचं पटापट सांगते. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. तुम्ही दोघंच असाल तर गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापनेची नोंद) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. प्रोफेशनल टॅक्स दोघांचा वेगवेगळा, माणशी वर्षाला अडीच हजार. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखाच्या वर गेली की लागतो आणि फोटोग्राफीला १८ टक्के आहे, २० लाखाच्या जवळ येत असाल तर आधीपासून कोटेशनमध्ये "टॅक्स वेगळा" लिहायला लागा, नाहीतर तो खिशातून जातो. एकच धंदा जीएसटी वाचवायला दोघांच्या नावावर अर्धा अर्धा दाखवायचा सल्ला कोणीतरी देईलच, नका करू.

मग फर्मच्या नावाने करंट अकाउंट आणि त्याचाच क्यूआर कोड. घरखर्चाचं खातं वेगळं. दर महिन्याच्या ५ तारखेला फर्ममधून दोघांच्या वैयक्तिक खात्यात ठरलेली रक्कम जाते, सारखी. माझ्या खात्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाचे पैसे आले तेव्हा मी पासबुकाचा फोटो काढून आईला पाठवला होता.

रेट काढताना बायकोचे दिवस मोजा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आकड्यांसकट सांगते. आम्ही एका दिवसाच्या लग्नाला ३५,००० घ्यायचो आणि पैसे सुटतात म्हणून खूश होतो. मग वहीत मांडलं. तयारी, शूट, सिलेक्शन, कलर, डिझाइन, चकरा मिळून एका लग्नाला आमचे ११ दिवस जातात, त्याचे ५ आणि माझे ६. दिवसाला २,००० धरले तर २२,०००. असिस्टंट २,५००. ट्रेन-टॅक्सी २,०००. करिझ्मा अल्बम (जाड पानांवर फोटो छापलेला) ९,०००. डिस्क, कार्डं, सॉफ्टवेअर २,५००. कॅमेऱ्याची झीज ४,०००. एकूण ४२,०००. आम्हाला ३५,००० मध्ये सुटतात असं वाटत होतं कारण माझ्या ६ दिवसांचे १२,००० आम्ही धरतच नव्हतो, ते काढले की खर्च ३०,००० दिसतो आणि ५,००० नफा वाटतो. खरं तर दर लग्नाला ७,००० चा तोटा होता आणि तो माझ्या झोपेतून भरला जात होता.

तुमचे आकडे वेगळे असतील, अल्बमची शीट किती, कुठे राहता यावर आहे सगळं, पण मांडणी अशीच करा. रेट वाढवल्यावर पहिल्या सीझनला आमच्या ऑर्डरी कमी झाल्या, ते धरून चला, चार-पाच महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

पैसे घेताना तीन टप्पे. तारीख धरायला ३० टक्के, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि उरलेले २० टक्के अल्बम प्रिंटला जायच्या आधी. लग्नाच्या दिवशी नवरीच्या वडिलांकडे पैसे मागायची वेळ येऊ देऊ नका, त्या माणसाला त्या दिवशी केटरर, हॉल, गुरुजी सगळे घेरून असतात आणि आपल्यालाही ते बरं वाटत नाही. अल्बम दिल्यावर राहिलेली बाकी मात्र वर्ष वर्ष निघत नाही, हा अनुभव आहे.

गिऱ्हाइकाशी लेखी करार, एका पानाचा

फोटो आपण काढला म्हणजे कॉपीराइट आपला असं सगळ्यांना वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याच्यात उलटं आहे, कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे फोटो इन्स्टावर टाकायचे, रेट कार्डात वापरायचे तर करारात तसं लिहून सही घ्यायला लागते. आम्ही दोन चौकोन छापलेत, "फोटो कामाचा नमुना म्हणून वापरायला हरकत नाही" आणि "हरकत आहे". हरकत आहे म्हणणारे असतात आणि त्यांचं बरोबर असतं. एकदा एका नवरीचा फार सुंदर फोटो मी न विचारता टाकला होता, तिच्या सासरी त्यावरून तिला बोलणी खावी लागली, ते मला अजून लागून राहिलंय.

करारात अजून काय पाहिजे: दोघांची नावं कामासकट (हा महत्त्वाचा भाग, "कँडिड फोटो: अमुक, व्हिडिओ: तमुक"), किती तास, किती फोटो, अल्बमच्या किती शीट, किती दिवसात, दुरुस्ती किती वेळा, तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय, आणि आमचं जेवण. जेवण लिहा, लाजू नका, सकाळी सहापासून उभं राहिल्यावर तीन वाजता स्टाफचं जेवण संपलं असं ऐकायला मिळतं. ड्रोन कबूल करू नका. मुंबईत विमानतळामुळे बराच भाग बंदीत येतो, वर पोलिसांचे मनाईचे आदेश निघत असतात.

प्री-वेडिंगचंही तसंच. मरीन ड्राइव्ह, बँडस्टँड, फोर्टातले रस्ते सगळ्यांना हवे असतात, पण ट्रायपॉड आणि लाइटस्टँड बाहेर काढला की परवानगीचं विचारतात, म्हणून पहाटे जा आणि हातात मावेल तेवढंच न्या. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, आणि अशा जागी शूटची परवानगी वेगळी लागते, ती कोण काढणार हे आधी ठरवा.

लग्नाचा दिवस: इथे जोडप्याचा खरा फायदा

दोन अनोळखी फोटोग्राफर एकत्र आणले तर एकमेकांच्या फ्रेममध्ये येत राहतात. आपण रोज एका छोट्या किचनमध्ये एकमेकांना धक्का न लावता वावरतो, तेच इथे उपयोगाला येतं.

आदल्या दिवशी गुरुजींना फोन करून विधींचा क्रम विचारून घ्या. घराघरात क्रम बदलतो, कोणाकडे ग्रहमख आदल्या दिवशी, कोणाकडे त्याच सकाळी. गोरज मुहूर्त असेल तर बाहेरचा उजेड दहा मिनिटांत जातो हे डोक्यात ठेवून लाइट आधीच लावा.

निघायच्या आधी घरीच दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ सेकंदापर्यंत सारखी करा. हे केलं नाही तर नंतर तीन हजार फोटो वेळेप्रमाणे लावताना हळद मधेच आणि सप्तपदी आधी असा गोंधळ होतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) पण ऑटोवर न ठेवता दोघांनी एकच केल्व्हिन आकडा ठेवा, हॉलमध्ये पिवळे दिवे, स्टेजवर जांभळे एलईडी आणि अंगाला हळद, ऑटोवर दोन कॅमेऱ्यांत नवरीचा रंग दोन प्रकारचा येतो.

सकाळी मी नवरीच्या खोलीत, तो हॉलवर. खोलीत बायकांना मोकळं वाटणं हीच तिथली कमाई आहे. नऊवारी नेसवताना, खोपा घालताना, आई मुंडावळ्या बांधताना तिथे पुरुष फोटोग्राफर असला तर सगळ्या आखडून बसतात. मी पहिला अर्धा तास कॅमेरा खाली ठेवून पिना धरायला मदत करते, नंतर कोणाचं लक्षही नसतं माझ्याकडे. अर्धवट कपड्यातला एखादा फोटो चुकून आलाच तर तिथेच डिलीट, कॉम्प्युटरवर जायच्या आधी.

मंगलाष्टकांच्या वेळी जागा ठरलेल्या. मी नवरीच्या मागे, तिच्या खांद्यावरून मला नवऱ्या मुलाचा चेहरा दिसतो. माझा नवरा समोरच्या बाजूला, त्याला नवरी आणि तिच्या मागे उभा असलेला मामा दिसतो. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एकदाच येतो आणि दोन्ही चेहरे एका कॅमेऱ्याला मिळत नाहीत, म्हणूनच तिथे दोघं लागतात. एक जण गुडघ्यावर आणि एक जण उभा राहतो, म्हणजे एकमेकांच्या फोटोत येत नाही.

आता अक्षता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंद शटर (फोटो घेताना कॅमेरा उघडा राहतो तो वेळ) ठेवलं की पट्टे जातात, पण उडणाऱ्या अक्षता तेवढ्यात रेषा होऊन जातात. म्हणून "सावधान"च्या आधी मी फ्लॅश चालू करून १/२०० वर जाते आणि हॉलचा उजेड थोडा दाबते, मग अक्षता फ्लॅशच्या उजेडात थांबलेल्या दिसतात. माझा नवरा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर १/५० ठेवूनच घेतो, त्याच्यात अक्षतांची रेषा छान दिसते.

कानपिळी आणि सूनमुख पटकन उरकतात. कानपिळीला नवरीचा भाऊ कोण ते सकाळीच विचारून ठेवा आणि तो उठला की त्याच्यामागे जा. आम्ही स्टेजवर एकमेकांना आवाज देत नाही, कपाळाला हात लावला की "इकडे ये", घड्याळाला लावला की "कार्ड बदल". आणि दुसऱ्याची चूक दिसली तर तिथे बोलायचं नाही, फोनमध्ये लिहून ठेवायचं आणि मंगळवारी बोलायचं. सुरुवातीला आम्ही हॉलमध्ये भांडलोय आणि नवऱ्या मुलाच्या आईने ते ऐकलंय, त्या घरचं पुढचं काम आम्हाला आलं नाही.

वरात असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, नाचाचे फोटो त्याच्या आधीचेच. येता-जाता आम्ही सामान वाटून नेतो, एक बॉडी आणि एक लेन्स माझ्याकडे लेडीज डब्यात, बाकी त्याच्याकडे, म्हणजे एकाची बॅग गेली तरी दुसऱ्याकडे शूट करण्यापुरतं असतं. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघा, माटुंगा-मुलुंड स्लो बंद असेल तर भांडुपकरांची वाट लागते, तेव्हा टॅक्सीचे पैसे कोटेशनमध्येच धरा. लोक विचारतातच, "दादा, वहिनी पण मदतीला का?" नवरा आता सरळ सांगतो, "फोटो त्या काढतात, मी व्हिडिओ करतो."

घरी आल्यावर, झोपायच्या आधी

२४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) साधारण २५-३० एमबी, तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी, व्हिडिओ वेगळाच. त्याच रात्री दोन डिस्कवर कॉपी. तिसरी कॉपी घराबाहेर पाहिजे, आमची माझ्या आईकडे दादरला असते, दर मंगळवारी डिस्क बदलून आणते आणि आईकडे जेवणही होतं. तिन्ही कॉप्या उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट फक्त मी करते, हेही त्या वहीत एकाच नावासमोर आहे.

मंगळवार आमचा मीटिंगचा दिवस, सकाळी मुलगी शाळेत गेली की एक तास. फोनमधलं एकच कॅलेंडर दोघांना दिसतं, त्यात नोंद झाल्याशिवाय तारीख "हो" म्हणायची नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मुहूर्ताला आम्ही दोघांनी वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळ्या घरी हो म्हटलं होतं, शेवटी एका ओळखीच्या फोटोग्राफरला जास्त पैसे देऊन पाठवला. पंचांग भिंतीवर लावाच. चातुर्मासात लग्नं नसतात, पौषात बरेच जण करत नाहीत, आणि अधिक महिना उन्हाळ्यात आला की ऐन सीझन कापला जातो, २०२६ ला अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. वर्षाचे पैसे त्या हिशोबाने पुरवायचे असतात.

पावसाळ्यात आम्ही मसाले, दागिने, साड्यांचे प्रॉडक्ट शूट घेतो, मग गणपतीत घरगुती आरास, मग दिवाळीच्या फराळवाल्यांचं काम. त्याच दिवसांत लेन्सला बुरशी लागते, मुंबईची हवा वाईट आहे याबाबतीत. कॅमेऱ्याच्या बॅगेत किंवा कपाटात लेन्सा ठेवू नका, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून परत वापरता येतात. जमलं तर फोर्टात बोरा बाजारला चक्कर मारून इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं छोटं कपाट) बघा. सामानाचा विमा फर्मच्या नावाने वेगळा काढा, घराच्या विम्यात धंद्याचं सामान सहसा धरत नाहीत.

आणि डीड करून घ्यायचं असेल तर ते याच दिवसांत करा, जुलैमध्ये. नोव्हेंबर उजाडला की वेळ मिळत नाही, मग परत वर्ष जातं. सीएकडे जाताना दोघांची पॅन-आधार, सामानाची बिलं, मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि ती ३४ कामांची वही घेऊन जा, आमच्या सीएने डीडमधला "पार्टनरांची कामं" हा परिच्छेद वहीतून जसाच्या तसा उतरवून घेतला.